आधी तळाचा पत्रा

हौशी शर्यतीसाठी जुनी मोटार विकत घ्यावयास निघालेला तरुण, मग तो पुण्याचा असो, नाशिकचा असो की कोल्हापूरचा, विक्रेत्याच्या दारात पोहोचताच सर्वप्रथम बॉनेट उघडवून घेतो, इंजिन सुरू करावयास लावतो, त्याचा आवाज कान देऊन ऐकतो आणि मनातल्या मनात अश्वशक्तीचा हिशेब मांडू लागतो. आणि एवढे होईपर्यंत त्याच्यासोबत आलेला वयस्कर मिस्त्री, जर तो या धंद्यात खरोखर मुरलेला असेल तर, पुढच्या सीटखालचे मॅटिंग उचलून खालचा पत्रा बोटांनी चाचपण्यात गुंतलेला असतो. या दोघांच्या नजरेत जे अंतर आहे, तेच या लेखाचा विषय होय.

गेल्या पावसाळ्यानंतर आमच्या आळीतील एका मुलाला, म्हणजे वयाने पंचविशी ओलांडलेल्या पण आम्ही लहानपणापासून पाहत आल्यामुळे अद्याप मुलगाच समजल्या जाणाऱ्या एका अभियंत्याला, ऑटोक्रॉसची, म्हणजे मोकळ्या मैदानात आखलेल्या वळणावळणाच्या वाटेवरून एकेका गाडीने घड्याळाशी स्पर्धा करीत धावण्याची, ओढ लागली आणि पुढे मागे खऱ्या धावपट्टीवर उतरण्याची स्वप्ने पडू लागली. ‘काका, नोकरीतल्या शिलकीत बसेल आणि जोरातही पळेल अशी कोणती लहान गाडी घेऊ?’ असा त्याचा प्रश्न होता. आयुष्यभर यंत्रशाळेत काढलेल्या माणसाला असा प्रश्न विचारणे म्हणजे निवृत्त कारकुनाला जुनी दप्तरे काढून देण्यासारखेच आहे. आमचे उत्तर दोन रविवार चालले. त्याचे सार एवढेच, की गाडी कोणती हा प्रश्न शेवटी यावयाचा आहे, त्यापूर्वी नियम कोणते, वजन किती, सुटे भाग कोठे मिळतात आणि पत्रा कितपत शाबूत आहे हे चार प्रश्न निकालात निघावयास हवेत, आणि अश्वशक्तीचे नाव या चौघांच्या मागून घेतले तरी काही बिघडत नाही.

मोटारशर्यत म्हणजे संस्थानिकांचा आणि कारखानदारांचा शौक, अशी जी समजूत आपल्याकडे रूढ आहे ती अगदीच निराधार नाही. परंतु या खेळाच्या इतिहासात जे खरे कर्तबगार झाले त्यांतील कितीतरी जणांचा श्रीगणेशा भंगारात निघालेल्या लहान गाड्यांवर झालेला आहे, हेही तितकेच खरे. इंग्लंडात १९२२ साली निघालेली ऑस्टिन सेव्हन ही ७४७ घनसेंटिमीटर इंजिनाची चिमुकली गाडी १९३९ पर्यंत सुमारे २ लाख ९० हजारांच्या घरात तयार झाली, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांतल्या थकलेल्या, गंजलेल्या गाड्या इतक्या मातीमोल दराने मिळू लागल्या, की १९३९ साली स्थापन झालेल्या सेव्हन फिफ्टी मोटर क्लब या हौशी मंडळाने याच गाडीचे सुटे भाग वापरून बांधलेल्या गाड्यांची एक स्वतंत्र शर्यत सुरू केली. तिच्यात उतरणारे बहुतेक जण संध्याकाळी घरामागच्या पडवीत स्वतःच पाना फिरविणारे नोकरदार होते. त्यांतच कॉलिन चॅपमन नावाचा एक तरुण अभियंता होता, ज्याने पुढे लोटस ही जगप्रसिद्ध कंपनी उभारली.

चॅपमन यांची त्या वेळची एक युक्ती येथे सांगण्याजोगी आहे. ऑस्टिन सेव्हनच्या इंजिनात चार सिलिंडर होते, पण इंधनमिश्रण आत येण्यासाठी वाटा दोनच होत्या. म्हणजे एका वाड्यातल्या दोन बिऱ्हाडांनी एकाच नळावर पाणी भरावे आणि एकाची घागर लागली की दुसऱ्याची धार बारीक व्हावी, त्यातला प्रकार. चॅपमन यांनी त्या समाईक वाटेतच आडवी पडदी घालून दोनांच्या चार वाटा केल्या, आणि १९५१ च्या हंगामात त्यांच्या तिसऱ्या गाडीने बाकीच्यांना असे मागे टाकले, की पुढे मंडळाला नियमात बदल करून त्या युक्तीलाच मनाई करावी लागली. या गोष्टीतून बुद्धीचा महिमा तर दिसतोच, पण आमच्या दृष्टीने तिच्यातला दुसरा मुद्दा अधिक मोलाचा आहे: चॅपमन यांनी आधी नियमावली अक्षरन् अक्षर वाचली होती, आणि तिने जे स्पष्टपणे नाकारले नव्हते तेवढ्याच फटीतून ते आत शिरले होते.

आपल्याकडेही याच जातीचा एक उद्योग झाला. स्वातंत्र्यानंतरची कित्येक दशके आपल्या शर्यती महायुद्धकाळात बांधलेल्या आणि नंतर ओस पडलेल्या विमानांच्या धावपट्ट्यांवर होत असत. मद्रासजवळचे शोलावरम हे त्यांतले प्रमुख ठिकाण. पुढे १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० बाजारात आली आणि तिचे तीन सिलिंडरांचे, ७९६ घनसेंटिमीटरांचे इंजिन घरोघरी पोहोचले, तेव्हा कोइंबतूरचे एस. करिवर्धन यांनी त्याच इंजिनावर एकआसनी शर्यतीच्या गाड्या बांधल्या आणि ‘फॉर्म्युला मारुती’ या नावाचा एक किफायतशीर वर्गच निर्माण केला. ज्या नारायण कार्तिकेयन यांना पुढे फॉर्म्युला वनमध्ये धावणारे पहिले भारतीय हा मान मिळाला, त्यांच्या आरंभीच्या शर्यती याच गाड्यांतून झाल्या. करिवर्धन १९९५ साली विमान अपघातात गेले; कोइंबतूरची शर्यतीची धावपट्टी आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. विलायती इंजिनाची वाट पाहत न बसता प्रत्येक गावच्या मिस्त्रीला तोंडपाठ असलेले इंजिन त्यांनी निवडले, यातच त्यांचे द्रष्टेपण होते असे आम्हास वाटते.

आता मूळ विषयाकडे वळू. नियमांचा प्रश्न पहिला, कारण शर्यतीची गाडी ही तत्त्वतः कागदावर जन्माला येते. भारतात या खेळाचे नियमन करणारा महासंघ, ज्याला सर्व जण एफएमएससीआय याच नावाने ओळखतात, तो निरनिराळ्या स्पर्धांसाठी गाड्यांचे वर्ग ठरवून देतो. कोणत्या वर्गात इंजिन किती घनसेंटिमीटरांपर्यंत असावे, किती वजनाखाली जाऊ नये, कोणत्या भागाला हात लावण्याची मुभा आहे आणि कशाला सक्त मज्जाव आहे, हे सारे तेथे नमूद असते. वर्गाच्या वरच्या मर्यादेला लागून असलेले इंजिन आणि खालच्या मर्यादेला लागून असलेले वजन, ही जोडी ज्या गाडीत मुळातच आहे ती निम्मी शर्यत घरीच जिंकते. याउलट एखादी गाडी वर्गमर्यादेच्या थोडीशी वर गेली, तर तिला दुप्पट बलाढ्य गाड्यांच्या पंक्तीत बसावे लागते, आणि मग कितीही पैसा ओतला तरी पान वाढले जाते ते सर्वांत शेवटी.

स्पर्धेचा प्रकारही आधीच ठरला पाहिजे. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथील ३.७ किलोमीटरांची धावपट्टी, नाशिकच्या परिसरातली मातीची रॅली आणि मैदानातला ऑटोक्रॉस या तिन्ही ठिकाणी एकच गाडी उत्तम ठरेल अशी आशा बाळगणे म्हणजे एकाच बैलाकडून नांगरट आणि शंकरपट दोन्ही अपेक्षिण्यासारखे आहे. रॅलीत दोन टप्प्यांच्या दरम्यान सार्वजनिक रस्त्यावरून जावे लागत असल्याने गाडीची नोंदणी व कागदपत्रे बिनचूक असावी लागतात, आणि येथे कायद्याचाही एक पेच आहे: जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ लावताना असे स्पष्ट केले, की उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल वाहनात करता येणार नाही. तेव्हा धावपट्टीसाठी आतून सोलून काढलेली गाडी रोज कचेरीत नेण्याचा बेत कोणी करू नये. ती दुसऱ्या वाहनावर लादूनच न्यावी, आणि त्या वाहतुकीचा खर्च पहिल्या दिवसापासून जमाखर्चात धरावा.

नियमानंतर वजन. मारुतीच्या इस्टीम या गाडीचे उदाहरण घेऊ. १९९४ साली आलेल्या या गाडीचे इंजिन १२९८ घनसेंटिमीटरांचे, कार्बोरेटरवर चालणारे, सुमारे ६५ अश्वशक्तीचे. गाडीचे वजन जेमतेम पावणेनऊशे किलो. म्हणजे प्रत्येक अश्वशक्तीच्या वाट्याला साडेतेरा किलो ओझे आले. आता मागची सीट, दारांची आतली आवरणे, वातानुकूलन यंत्र, गालिचे, आवाज दाबण्यासाठी तळावर चिकटविलेला डांबरी थर, असे करीत शंभर किलो बाहेर काढले, तर तेच ओझे बारा किलोंच्याही खाली येते. हाच परिणाम इंजिनाकडून मिळवावयाचा झाला तर आठ-साडेआठ अश्वशक्ती वाढवाव्या लागतील, आणि जुन्या इंजिनातून तेवढी टिकाऊ शक्ती काढणे किती खर्चाचे आहे हे ज्याने एकदा हेड उतरवून पाहिले आहे त्यालाच विचारावे. शिवाय वाढलेली अश्वशक्ती सरळ रस्त्यावरच उपयोगी पडते. घटलेले वजन वळणावर, ब्रेक लावताना, टायर झिजताना, सर्वत्र आपले काम मुकाट्याने करीत राहते. गाडी उलटल्यास चालकाला वाचविणाऱ्या पोलादी पिंजऱ्याचे पाईप बसविल्यावर यातले काही वजन परत येते हे खरे, पण ते वजन माणसाच्या रक्षणार्थ असल्याने त्याचा हिशेब निराळा.

आमच्या मुलाने जी यादी आणली होती तिच्यात मारुती ८००, इस्टीम, पहिल्या पिढीची होंडा सिटी, पहिली स्विफ्ट, फोक्सवॅगनची पोलो आणि, कोणीतरी मनात भरवून दिल्यामुळे, जिप्सी एवढी नावे होती. जिप्सीचा विचार रॅलीपुरताच. हिमालयातल्या वाटांवर आणि मातीच्या रॅलीत तिने गाजविलेला पराक्रम, हरी सिंग यांच्यासारख्या चालकांनी तिच्यावर मिळविलेली राष्ट्रीय विजेतेपदे, हे सर्व मान्य करूनही तिची उंच बैठक आणि तिचे पट्ट्यांचे स्प्रिंग डांबरी धावपट्टीच्या कामाचे नाहीत. ८०० ही शिकण्यासाठी अत्यंत सोयीची, परंतु तिच्या १२ इंची चाकांना चांगले टायर मिळविताना नाकी नऊ येतात. पोलो अंगाने भक्कम आणि वळणावर विश्वासू. पण तिचा एक दिवा फुटला की महिन्याचा जमाखर्च कोलमडतो. शंभराहून अधिक अश्वशक्तीची, २००० सालानंतरची व्हीटेक इंजिनाची सिटी हे या यादीतले खरे प्रलोभन आहे, आणि ज्याच्या गाठीला पैसा व ओळखीचा होंडाचा मिस्त्री या दोन्ही गोष्टी आहेत त्याने ती अवश्य घ्यावी. पण पहिल्या हंगामातच चारदा कुंपणाला भेटणाऱ्या नवशिक्याने तिच्या पत्र्याचे भाग कोठून आणावयाचे?

राहता राहिल्या इस्टीम आणि स्विफ्ट. दोहोंचे १३०० चे पेट्रोल इंजिन एकाच घराण्यातले. याच घराण्यातले इंजिन जिप्सीलाही पुढे बसले आणि स्विफ्टचे तर एकआसनी शर्यतीच्या गाड्यांतही गेले. परिणामी या इंजिनाच्या गुणदोषांची माहिती देशातल्या शर्यतीच्या गॅरेजांतून जितकी मुरलेली आहे तितकी क्वचितच दुसऱ्या कोणत्या इंजिनाची असेल. इस्टीमला पुढे व मागे चारही चाकांना स्वतंत्र झुलणी आहे, वजन कमी आहे, १३ इंची चाके आहेत. एक काळ असा होता की आपल्या धावपट्ट्यांवर टूरिंग गाड्यांच्या शर्यतीत जिकडे पाहावे तिकडे इस्टीमच दिसत. दोष एवढाच, की तिचे उत्पादन २००७ मध्ये थांबले, म्हणजे आज मिळणारी सर्वांत नवी इस्टीमही वयात आलेली आहे. ज्याला हा दोष खटकतो त्याने २००५ ते २०१० च्या दरम्यानची स्विफ्ट पाहावी; ती जड आहे, पण तिचा पत्रा तरुण आहे.

मागच्या चाकांना गती देणारी गाडीच खरी, असे सांगणारा एक संप्रदाय आहे, आणि त्याच्याशी वाद घालण्याची आमची इच्छा नाही. १९८९ साली आलेली माझदाची मिआटा ही त्या संप्रदायाची कुलस्वामिनी. दोन सीटांची, हलकी, मागच्या चाकांना गती देणारी, दहा लाखांहून अधिक तयार झालेली. अमेरिकेत केवळ याच गाडीचा एक हौशी वर्ग आहे, ज्यात सर्वांच्या गाड्या नियमाने जवळजवळ सारख्या ठेविल्या जातात आणि चालकाचेच कसब पणाला लागते. परंतु ती ज्या कारणाने तेथे स्वस्त आहे, म्हणजे गल्लोगल्ली तिचे भाग पडलेले आहेत, तेच कारण येथे नसल्यामुळे तिचे नाव काढण्यात अर्थ नाही. आपल्याकडची मागच्या चाकांवर धावणारी लहान गाडी म्हणजे कुर्ल्याच्या कारखान्यात एकेकाळी तयार होत असलेली पद्मिनी. तिच्यावर आमचे प्रेम आहे, आणि प्रेम आहे म्हणूनच तिला शर्यतीस जुंपू नये असे आमचे मत आहे.

तिसरा प्रश्न सुट्या भागांचा. स्वस्त गाडी म्हणजे कमी किमतीत मिळालेली गाडी नव्हे. जिची मोडतोड कमी पैशांत भरून निघते ती स्वस्त गाडी. शर्यतीची गाडी एका हंगामात जितके ब्रेक पॅड, क्लच प्लेट, बुश, ॲक्सल आणि मडगार्ड खाते तितके घरगुती गाडी दहा वर्षांत खात नाही. मुंबईत कुर्ल्याच्या भंगार बाजारात जाऊन तुमच्या मनातल्या गाडीचे गिअरबॉक्स तीन दुकानांत मागून पाहावे. तिन्ही दुकानदारांनी ‘किती पाहिजेत?’ असे विचारले तर ती गाडी घ्यावी, आणि तिघांनीही ‘मागवून देतो, साहेब’ असे म्हटले तर नमस्कार करून परत फिरावे. कोणाला ही कसोटी अडाणीपणाची वाटेल. पण अमेरिकेत २००६ पासून भरणाऱ्या ‘ट्वेंटी फोर अवर्स ऑफ लेमन्स’ या थट्टामस्करीच्या पण दमछाक करणाऱ्या दीर्घ शर्यतीत गाडीची किंमत ५०० डॉलरांच्या वर नसावी असा दंडक घालताना सुरक्षासाधनांचा खर्च मात्र त्या हिशेबातून वगळलेला आहे, यामागे हाच व्यवहारी विचार आहे: गाडी कवडीमोलाची चालेल, माणूस नाही.

आणि आता पत्रा. आम्ही दोन इस्टीम पाहिल्या. पहिली चिंचवडला, सोळा व्हॉल्व्हांच्या, सुमारे ८५ अश्वशक्तीच्या पुढच्या काळातल्या इंजिनाची, लालभडक नव्या रंगाची, आरशासारखी चमकणारी. आमच्यासोबत आलेल्या मिस्त्रींनी खिशातून एक लोहचुंबक काढला, तो रुमालात गुंडाळून मागच्या चाकाच्या कमानीवर टेकविला आणि बोट सोडले. चुंबक घसरून जमिनीवर पडला. वीतभर पुढे पुन्हा टेकविला, पुन्हा पडला. ‘साहेब, हिच्या अंगात पत्र्यापेक्षा लांबी जास्त आहे,’ असे ते हळूच आमच्या कानाशी म्हणाले. मग मॅटिंग उचलले. कापडाखालचा नमदा ओलसर होता, आणि दाराच्या उंबऱ्याला लागून असलेल्या शिवणीत पेचकसाचे टोक दाबताच खाली पापुद्रे सुटले. बॉनेटखाली, जेथे पुढच्या शॉकअपचा माथा बोल्टांनी बसतो त्या घुमटाभोवती, जुन्या वेल्डिंगवर नवा रंग मारलेला स्पष्ट दिसत होता. अर्थ उघड होता: गाडी पुढून बसलेली होती आणि मागून सडलेली. दुसरी इस्टीम साताऱ्याला एका निवृत्त गृहस्थांच्या पडवीत उभी होती. रंग उडालेला, बंपर दोरीने बांधलेला, इंजिन तेच जुने कार्बोरेटरवाले. पण तिच्या तळाखाली शिरून मिस्त्रींनी पेचकसाची मूठ ठोकत नेली तर शेवटपर्यंत एकच टण्ण असा आवाज येत राहिला, आणि चुंबक जेथे लावला तेथे चिकटून बसला. ‘पण काका, हिची वीस अश्वशक्ती कमी आहे!’ असे म्हणताना मुलाचा चेहरा अगदी पडला होता.

त्याला जे समजावले ते येथे थोडक्यात लिहितो. अशा गाड्यांना निराळी चेसीज नसते. ठिकठिकाणी दुमडून, शिवणीशिवणीवर वेल्डिंगचे ठिपके देऊन जोडलेला पत्रा हाच त्यांचा सांगाडा असतो. स्प्रिंग आणि शॉकअप हे आपले काम नीट करणार ते सांगाडा ताठ आहे या गृहीतावर. तोच जर वळणागणिक पिळवटू लागला, तर चाकांचे कोन हवे तसे लावून काही उपयोग नाही, कारण लावलेले कोन धावताना राहतच नाहीत. पण याहूनही गंभीर बाब पिंजऱ्याची आहे. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे चालकाच्या मागची मुख्य कमान सांधा नसलेल्या, थंड अवस्थेत ओढलेल्या पोलादी पाईपची असावी लागते. तो पाईप ४५ मिलिमीटर व्यासाचा असेल तर जाडी अडीच मिलिमीटर, ५० चा असेल तर २ मिलिमीटर. बाकीचे पाईप ३८ गुणिले अडीच किंवा ४० गुणिले २ चे. पाईप तापवून वाकवावयाचा नाही, आणि वाकविताना त्याच्या व्यासाच्या तिपटीहून कमी त्रिज्या चालत नाही. मुख्य कमानीचा प्रत्येक पाय ज्या जागी टेकतो तेथे किमान ३ मिलिमीटर जाडीची आणि १२० चौरस सेंटिमीटर क्षेत्राची पोलादी पट्टी लावून ती पत्र्याला जोडावी लागते. आता ज्या पत्र्यातून पेचकस आरपार जातो त्या पत्र्याला ही पट्टी जोडून काय साधणार? गाडी उलटली तर पिंजरा शाबूत राहील आणि त्याचे पाय तळातून खाली उतरतील, भुसभुशीत जमिनीत रोवलेल्या मेढीसारखे. आमच्या मिस्त्रींनी मॅटिंग आधी उचलले ते यासाठी.

साताऱ्याची गाडी घेतली. पैसे कोणत्या क्रमाने खर्च करावयाचे याविषयी मुलाची आणि आमची जी रुजवात झाली तीत पिंजरा, शर्यतीची सीट, खांद्याकमरेचे पट्टे आणि अग्निशामक हे पहिल्या हप्त्यात आले. सीट जुन्या बाजारातून आणण्याचा मोह त्याला झाला होता. पण ८८५५-१९९९ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या सीटची मुदत उत्पादनापासून पाच वर्षांची असते, आणि तपासणीच्या वेळी अधिकारी मंडळी सीटच्या देखणेपणाकडे न पाहता तिच्या पाठीवरच्या चिठ्ठीकडे पाहतात, हे कळल्यावर तो बेत बारगळला.

दुसऱ्या हप्त्यात ब्रेक. वेग शंभरावरून एकशेचाळीसवर गेला म्हणजे अंकांनी तो दीडपटही होत नाही, पण गाडीतली गतिज ऊर्जा जवळजवळ दुप्पट होते, आणि ती सारी उष्णतेच्या रूपाने त्या तळहाताएवढ्या पॅडांतून बाहेर पडावी लागते. ब्रेकचे तेल हवेतली ओल शोषून घेते ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. डॉट ४ प्रतीचे ताजे तेल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओल धरल्यावर ही मर्यादा १५५ पर्यंत खाली येऊ शकते, आणि मग ऐन वळणाच्या तोंडाशी तेलात वाफेचे बुडबुडे होऊन पेडल लोण्यासारखे खाली जाते. म्हणून प्रत्येक स्पर्धेपूर्वी तेल बदलावे. सर्वांत कमी पैशांत विकत मिळणारी सुरक्षितता हीच. त्यानंतर टायर आणि शॉकअप. इंजिनाला पहिल्या वर्षी एवढेच करावयाचे, की टायमिंग बेल्ट, पाण्याचे पाईप आणि माउंटिंग नवी घालावयाची, आणि तेलाच्या चेंबरमध्ये आडव्या पडद्या वेल्ड करून घ्यावयाच्या, कारण लांबलचक वळणावर तेल एका कुशीला जाऊन पंपाचे तोंड उघडे पडते आणि क्षणार्धात बेअरिंगे जळतात.

येथवर वाचलेल्या सुज्ञ वाचकाच्या मनात एक शंका आली असेल, आणि ती रास्त आहे: एवढे सव्यापसव्य करण्यापेक्षा कोणीतरी आधीच बांधलेली, दोन हंगाम पळालेली गाडी घेतली तर? हिशेबाने पाहता तेच बहुधा स्वस्त पडते, कारण शर्यतीच्या गाडीत घातलेला पैसा विकताना फारच थोडा परत येतो आणि पहिल्या धन्याचे नुकसान हा दुसऱ्याचा नफा ठरतो. फक्त पिंजरा कोणी आणि कोणत्या पाईपाने बांधला याचा लेखी दाखला मागून घ्यावा. ज्याला धावण्याचीच हौस आहे त्याने तयार गाडी घ्यावी. ज्याला बांधण्याचीही हौस आहे त्याने हिशेबाच्या वहीत त्या हौसेचे निराळे सदर घालावे आणि तिला काटकसर असे नाव देऊ नये.

तेव्हा ज्यांना हा नाद करावयाचा आहे त्यांना एवढीच विनंती, की गाडी पाहण्याआधी एखाद्या स्पर्धेच्या आदल्या दिवशी तपासणीच्या मांडवात वही घेऊन चार तास उभे राहा, कोणाची गाडी कशासाठी परत पाठविली जाते ते टिपून घ्या, आणि त्यानंतरच विक्रेत्याच्या दारी जा. जाताना खिशात लोहचुंबक आणि पेचकस असू द्या, आणि कागदपत्रांची बोलणी होईपर्यंत बॉनेट उघडू नका.